"तुम्ही व्हा पुढे": वाई ते मेणवली, ३ किलोमीटर आणि १९ माणसं

आधीच सांगते, हे ट्रेकचं वर्णन नाहीये. ३ किलोमीटरचा डांबरी रस्ता, चढ म्हणावा असा कुठे नाही, दोन्ही बाजूला ऊस आणि शाळू, आणि शेवटी एक वाडा आणि एक घाट. एवढं चालायला काय लागतंय, असं मलाही वाटलं होतं. आमच्या सोसायटीच्या सकाळच्या वॉकिंग ग्रुपची ही जानेवारीतली सहल होती, नाव ठेवलं होतं "निवांत चाल", आणि ती इतकी फसली की पुढचे तीन आठवडे ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा बंद होतं. मग फेब्रुवारीत तीच वाट परत चाललो आणि ती जमली. मधे काय बदललं ते लिहितेय, कारण असे ग्रुप आता प्रत्येक सोसायटीत आहेत आणि बहुतेक ठिकाणी हेच होत असणार.

आधी माणसं कशी होती ते. एकूण १९ जण, वय ५४ ते ७८. सगळे रोज चालणारे, म्हणजे तसं सगळ्यांचं म्हणणं. मी ग्रुपवर विचारलं होतं "रोज किती चालता?" आणि उत्तरं आली तासभर, ५ किलोमीटर, ८ हजार पावलं. प्रश्नच चुकीचा होता हे नंतर कळलं. बागेत तासभर म्हणजे दोन फेऱ्या, मग बाकावर दहा मिनिटं, मग कुणीतरी भेटतं, परत एक फेरी. त्यात खोटं काही नाही, तासभर बागेत असतातच. पण सलग चालणं, तेही दुसऱ्याच्या स्पीडने, आणि मधे बाक नाही, ही वेगळीच गोष्ट आहे. शिवाय "मी हळू चालते" असं आपणहून कोण लिहितंय? मीही नाही लिहिलं, आणि माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतोय.

प्लॅन असा होता: पुण्याहून साडेसहाला बस, नवाला वाईत गणपती घाटावर, ढोल्या गणपतीचं दर्शन, तिथून चालत मेणवली, वाडा आणि घाट बघायचा, मग पुढे चालतच धोम, म्हणजे अजून पाचेक किलोमीटर, तिथलं नरसिंहाचं देऊळ आणि कमळाच्या आकाराच्या कुंडातला तो कासवावरचा नंदी बघून दीडला जेवण. कागदावर मस्त दिसत होतं. तासाला ४ किलोमीटर धरले होते. हे ४ कुठून आले कुणास ठाऊक, बहुतेक फोनमधल्या मॅपने दाखवलेल्या वेळेतून. चालण्याच्या वेळेचा जो जुना हिशोब आहे, विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ मध्ये मांडलेला, तो तर सपाटीला तासाला ३ मैल, म्हणजे जवळजवळ ५ किलोमीटर धरतो, आणि चढासाठी वर वेळ वाढवतो. पण तो डोंगर चढणाऱ्या धडधाकट माणसांचा हिशोब. त्यात विश्रांती नाही, फोटो नाहीत आणि शेतात काय लावलंय ते विचारायला थांबणारे काका तर नाहीतच.

आता तो रविवार.

बस निघाली सात दहाला. हायवेवर नाश्त्याला पाऊण तास गेला, कारण १९ जणांची मिसळ एकदम येत नाही. वाईत पोचलो दहाला दहा कमी असताना. गणपतीला गर्दी होती. ते देऊळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं आहे, अगदी नदीच्या काठावर, आणि मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही बाजूंना फाटून निघून जातं. हे आमच्यातल्या एका रिटायर्ड इंजिनियर काकांनी सगळ्यांना मागे नेऊन दाखवलं, त्यात अजून वेळ गेला, पण ते मला चाललं, आपण आलो कशाला होतो शेवटी. चालायला सुरुवात केली १० वाजून ४० मिनिटांनी. जानेवारीतली पहाटेची थंडी कधीच संपली होती आणि ऊन चढायला लागलं होतं.

पहिल्या पाच मिनिटांत सहा जण पुढे निघून गेले. वाईटपणाने नाही हो, त्यांचा पायच तसा पडतो. मधे सात-आठ जण गप्पा मारत, आणि मागे पाच जण. मागच्यांत मी होते, एक गुडघेवाल्या काकू होत्या (वय ७१, पुढे त्या बऱ्याचदा येणार आहेत), डायबेटिसवाले एक काका, त्यांची बायको, आणि एक बँकेतले काका जे दर दोनशे पावलांवर थांबून कुणाच्या तरी बांधाच्या दगडावर वाकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हरभरा छान आलाय." मला आधी खरंच वाटलं त्यांना शेतीचा नाद आहे. त्यांच्या कमरेत नस दबतेय आणि पुढे वाकलं की पायातली कळ कमी होते, हे त्यांनी महिन्याने सांगितलं. (चालताना पाय भरून येणं आणि वाकल्यावर किंवा बसल्यावर बरं वाटणं, हे मणक्याचं असू शकतं. नुसतं उभं राहिलं तरी पोटरीची कळ थांबते, तेव्हा डॉक्टर रक्तवाहिन्यांकडे बघतात. दोन्हीत माणूस बाहेरून सारखाच दिसतो, म्हणजे हरभरा बघणारा.)

पहिला थांबा सव्वा किलोमीटरवर एका झाडाखाली. आम्ही पोचलो तर पुढचे बसून चिक्की खाऊन झालेले. आम्ही आलो तसे सगळे उठले. "चला, आले सगळे!" काकू टेकल्या न टेकल्या तोच निघायची वेळ. मी म्हटलं पाच मिनिटं बसू, तर काकूच म्हणाल्या, "नको नको, आपल्यामुळे उशीर नको, तुम्ही व्हा पुढे." हे "तुम्ही व्हा पुढे" त्या दिवशी मी किती वेळा ऐकलं! आपल्याकडे हे वाक्य म्हणजे नुसती सभ्यता, त्याचा अर्थ "मला सोडून जा" असा कधीच नसतो, पण पुढचे लोक तो शब्दशः घेतात आणि जातात.

दुसरा थांबा रसाच्या गाडीपाशी, तिथेही सेम. फक्त आता आम्ही पाचजण आपापसात बोलत नव्हतो. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. चालताना एक सबंध वाक्य न धापता बोलता येतंय तोवर स्पीड ठीक आहे, शब्द तुटायला लागले की जास्त होतोय, ही अगदी साधी आणि भरवशाची खूण आहे. आमचा मागचा घोळका तर पार गप्प झाला होता, आणि त्यात दोन काकू अशा होत्या की ज्या झोपेत सुद्धा बोलत असतील.

मेणवलीच्या घाटावर पोचलो १२ वाजून २२ मिनिटांनी. घाट अर्धचंद्रासारखा, पायऱ्या खाली नदीपर्यंत, काठाला मेणेश्वराचं देऊळ आणि बाजूच्या छोट्या बांधकामात ती मोठी घंटा, जी चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी एक, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. महादेवाच्या घाटावर मेरी! हे बघायला मी किती दिवस थांबले होते. आणि मी ती त्या दिवशी पाहिलीच नाही. कारण काकू वरच्याच पायरीवर बसल्या त्या बसल्या, आणि डायबेटिसवाल्या काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध. त्यांनी सकाळी गोळी घेतली होती, पावणेनऊला नाश्ता, तोही अर्धवट कारण मिसळ तिखट, आणि त्यावर दोन तास ऊन आणि चालणं. एका ताईंकडे मशीन होतं, शुगर निघाली ६२. आता १९ जणांच्या पिशव्यांमध्ये खायला काय होतं माहितीये? शुगर-फ्री बिस्किटं. लिंबाचं लोणचं. शुगर-फ्री चॉकलेट. सगळे आपापल्या पथ्याचं घेऊन आलेले. शेवटी घाटावरच्या एका मुलाने घरून गुळाचा खडा आणून दिला, पाण्याबरोबर खाल्ला, पंधरा मिनिटांनी परत मोजली तर ठीक होती, मग पोळी खाल्ली. अशा वेळी साधारण ३ चमचे साखर किंवा तेवढा गूळ, पंधरा मिनिटं थांबून परत तपासायचं, हे मला तोंडपाठ आहे, माझ्या सासऱ्यांना होता डायबेटिस, पण माहिती असून पिशवीत साखर नव्हती.

धोम कॅन्सल. बस मेणवलीत बोलावली. पुढचे सहा जण वैतागले, आणि एक काका बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की फिटनेस नसेल तर माणसाने येऊ नये. डायबेटिसवाले काका समोरच्याच सीटवर होते. परतीच्या वाटेवर दोन बायकांच्या पोटऱ्यांत गोळे आले. विचारलं तर कळलं, सकाळपासून दोघी पाणीच प्यायल्या नव्हत्या. का? तर "जायचं कुठे?" एकीने तर बीपीची लघवीवाली गोळी पण स्वतःच्या मनाने बुडवली होती. हा विषय आमच्या प्लॅनमध्ये नव्हताच, कारण प्लॅन करणाऱ्या तिघांत दोन पुरुष, आणि तिसरी मी, मीही गप्प बसले, आणि मीही तेच केलं होतं, दोन घोट पाणी.

मग काय, ग्रुपवर रण. "हळू चालणाऱ्यांची वेगळी सहल काढा" विरुद्ध "आम्हाला ओझं समजता का". मी आयुष्यभर हिशोब तपासायची नोकरी केली, मला भांडणात बोलता येत नाही पण आकडे लावता येतात. तर मी काय केलं, सगळ्यांकडून त्या दिवशीचे फोटो मागवले. फोटोवर वेळ असते. आपल्या लोकांची फोटोची हौस इतकी की प्रत्येक थांब्यावर पुढच्यांचा पोचल्याचा फोटो, आम्ही पोचल्याचा फोटो ("आले आले!" असा, हसत) आणि निघतानाचा ग्रुप फोटो, सगळं मिळालं.

पुढच्यांचं असं: निघाले १०:४०, पहिल्या झाडाखाली ११:००, तिथून निघाले ११:१४, रसाच्या गाडीपाशी ११:२९, तिथून ११:४६, मेणवली ११:५९. आमचं असं: झाडाखाली ११:१०, निघालो ११:१४, रसाची गाडी ११:४३, निघालो ११:४६, मेणवली १२:२२.

बेरीज केली आणि मी स्वतःच चाट पडले. पुढचे चालले ४८ मिनिटं आणि बसले ३१ मिनिटं. आम्ही चाललो ९५ मिनिटं आणि बसलो ७.

म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना अर्धा तास मिळाला आणि ज्यांना होती त्यांना दोन थांबे मिळून सात मिनिटं. आणि हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, उलट पुढचे मनापासून म्हणत होते की "आम्ही तुमच्यासाठी थांबलो होतो ना!" थांबले होतेच की. पण थांबा सुरू होतो पहिला माणूस पोचला की, आणि संपतो शेवटचा पोचला की. यात शेवटच्या माणसाच्या वाट्याला काही उरतच नाही. शिवाय अजून एक बघा, आमचा शेवटचा टप्पा ९०० मीटरचा, त्याला ३६ मिनिटं लागली, आणि त्याच्या आधीच्या तेवढ्याच टप्प्याला २९. म्हणजे आम्ही हळू होतो म्हणून मागे राहिलो हे अर्धंच खरं, बसायला न मिळाल्यामुळे आम्ही अजून हळू झालो हे उरलेलं अर्धं.

हा हिशोब मी ग्रुपवर टाकला, कुणाचं नाव न घेता. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग बसमधल्या त्या काकांचाच मेसेज आला, फक्त एवढा: "३१ आणि ७ बरोबर आहे का?" मी म्हटलं फोटो पाठवू का. नको म्हणाले.

इथे एक आडवाट घेते. आमच्यात एक आजोबा आहेत ज्यांनी बरीच वर्षं आषाढी वारी केलीय, आळंदी ते पंढरपूर. त्यांना मी विचारलं की दिंडीत म्हातारी माणसं, नऊवारीतल्या बायका डोक्यावर तुळस घेऊन, रोज पंधरा-वीस किलोमीटर कशा काय चालतात, आणि आम्हाला तीन झेपेना? ते हसले. म्हणाले, दिंडीत पळून जाणार कुठे? पुढे पताका, मग टाळकरी, मग मृदंग, वीणेकरी, मागे तुळशीवाल्या बाया, आणि सगळे एकच अभंग म्हणताहेत. पुढचा सुटला तर त्याला मागचं ऐकू येणार नाही, मग तो म्हणणार काय? त्याला चालीतच राहावं लागतं. आणि चाल म्हणजे दोन्ही, पायांची पण आणि अभंगाची पण. शिवाय विसावा ठरलेला असतो, तो पालखीचा असतो, पुढे पोचलेल्याचा नसतो. दिंडीतही कुणी पुढे जाऊन झाडाखाली आडवं होतंच म्हणा, एवढं काही सोवळं नाहीये ते, पण हिशोब पालखीचा धरतात.

दुसरं एक मला मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हाचं आठवत होतं. तिथे रॅम्बलर्स म्हणून १९३५ पासूनची चालणाऱ्यांची संस्था आहे, गावोगाव शाखा, शेताशेतातून पायवाटा. त्यांच्या वॉकला ग्रेड असतात, त्यातली एक "लेझरली". नाव वाचून आपल्याला वाटतं निवांत, रमतगमत. पण ती ग्रेड सांगते वाट किती अवघड आहे आणि तब्येत साधारण कशी हवी ते, स्पीडचं वचन त्यात नसतं. आमच्या "निवांत चाल" या नावाने अगदी हाच घोटाळा केला होता. निवांत कोणासाठी? पुढच्यांना ते निवांतच होतं. तिथली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी, सगळ्यात मागे एक माणूस नेमलेला असतो, आणि त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. आपल्याकडे ट्रेकवाली पोरं बॅकलीड म्हणतात तोच. पण बॅकलीड फक्त माणूस हरवू देत नाही, त्याला बसायला वेळ मिळवून देईलच असं नाही.

तर फेब्रुवारी. शेवटचा आठवडा. ह्या वेळी १४ जण.

पहिला बदल म्हणजे धोम काढून टाकलं. नुसतं वाई ते मेणवली, एकाच बाजूने, बस मेणवलीत उभी. परत चालायचं नाही हे माहिती असलं की पाय वेगळेच पडतात. दुसरं, आदल्या संध्याकाळीच वाईला जाऊन राहिलो, कारण ऊन चढायच्या आत चालायचं तर पुण्याहून पहाटे निघणं आमच्या वयाला जमत नाही, झोप नाही आणि पोट साफ नाही, मग दिवसभर चिडचिड. खर्च वाढला माणशी, त्यावरून दोघं गळाले, ठीक आहे. तिसरं, मेणवलीत घाटाजवळच्या एका घरात आधी फोन करून बायकांसाठी बाथरूमची सोय ठरवली, पैसे देऊन, लाजत नाही, आणि हे ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की सोय आहे, पाणी प्या. त्या एका मेसेजला जेवढे अंगठे आले तेवढे कुणाच्या नातवाच्या फोटोलाही आले नसतील.

फॉर्ममधला प्रश्न बदलला. "किती चालता" काढून टाकलं आणि विचारलं: गप्पा मारत, न बसता किती मिनिटं चालू शकता? जिना उतरताना कठडा धरता का? सकाळी कोणत्या गोळ्या घेता आणि त्यानंतर किती वेळात खावं लागतं? उत्तरं फक्त मला, ग्रुपवर नाही. आणि काय सांगू, आठ जणांनी लिहिलं "२० मिनिटं". त्यातले तीन जण पुढच्या सहांतले होते! गोळ्या मात्र कुणी आपल्या मनाने मागेपुढे करायच्या नाहीत, डॉक्टरला विचारायचं, हे मी ठळक लिहिलं.

आता मुख्य बदल, चालायचा क्रम. पहिली आयडिया सोपी होती, सगळ्यात हळू माणसाला पुढे घालायचं. काकूंना विचारलं तर त्या भडकल्याच. "मला पुढे घालून काय मिरवणूक काढताय?" बरोबरच होतं त्यांचं, मागे राहण्यात लाज असते तशी सगळ्यांच्या नजरेसमोर हळू चालण्यातही असते, उलट जास्तच. मग मी ते सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे एक शिट्टी नेऊन दिली. म्हटलं, थांबे तुम्ही ठरवायचे, शिट्टी वाजली की सगळे थांबणार, दुसरी वाजली की निघणार, आणि शिट्टीवाला माणूस पुढे लागतो. त्या शाळेत पीटी शिकवायच्या, तीस वर्षांपूर्वी. शिट्टी हातात घेऊन त्यांनी ती पदराला पुसली आणि म्हणाल्या, "दोरी नाही का हिला?"

आणि नियम एकच: थांबा मोजायचा शेवटचा माणूस टेकल्यापासून, दहा मिनिटं.

जोरात चालणाऱ्या चौघांचं काय? त्यांना मागे रखडवणं हाही अन्यायच, हळू चालवलं तर त्यांचे पाय दुखतात म्हणे, आणि मला ते पटतं. त्यांना सांगितलं तुम्ही आमच्याबरोबर निघूच नका. आम्ही ७:२० ला निघतो, तुम्ही गणपतीला निवांत बसा, चहा घ्या, काशी विश्वेश्वराचं देऊळ बघा, सव्वाआठला निघा. मेणवलीत गाठ पडेल. इतकी साधी गोष्ट, हळू चालणाऱ्याने आधी निघायचं, आणि ती आम्हाला एक सहल वाया घालवून सुचली. बसमधले ते काका मात्र चौघांत गेले नाहीत, ते आमच्याबरोबर आले, सगळ्यात मागे. कुणी सांगितलं नव्हतं.

चाललो रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून, एका मागे एक. सकाळची हवा गार होती. पहिली दहा मिनिटं काकूंनी इतकं हळू चालवलं की मागून कुणीतरी म्हणालं लग्नाची वरात पण जोरात जाते. पण तेच बरोबर होतं, थंड अंगाने सुरुवातीला जोर लावला की दम लवकर लागतो, शरीराला तेवढा वेळ लागतोच. उसाच्या ट्रॅक्टरनी पीडलं, दोन-दोन ट्रॉल्या आणि कर्कश गाणी, ट्रॅक्टर आला की काकू शिट्टी मारून सगळ्यांना कडेला उभं करायच्या आणि ड्रायव्हरकडे असं बघायच्या की एकाने खरंच गाणं बारीक केलं. एका शेतात हळद काढत होते, तिथे थांबा नसताना पण थांबलो. बँकेतल्या काकांच्या हातात ह्या वेळी काठी होती, आणि हरभरा निघून गेला होता त्यामुळे बहाणाही उरला नव्हता, ते सरळ म्हणाले, "मी जरा वाकतो."

पाच थांबे झाले. मेणवली ९:२५.

परत हिशोब: चालणं ७५ मिनिटं, बसणं ५०. एकूण १२५. जानेवारीत शेवटच्या माणसाला एकूण १०२ लागली होती. म्हणजे एकूण २३ मिनिटं जास्त घेतली, पण प्रत्यक्ष चालायला २० मिनिटं कमी लागली, त्याच रस्त्यावर, त्याच काकू, तोच गुडघा. (थंडी होती हे खरं, ऊन नव्हतं, त्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय दहा मिनिटांना देणार नाही. पण टप्पेवार बघितलं तर ह्या वेळी शेवटचा टप्पा पहिल्याएवढ्याच वेळात झाला, हे मला जास्त बोलकं वाटतं.) जोरात चालणारे चौघं आमच्या आधी दहाएक मिनिटं येऊन वाड्याच्या दारात उभे होते, "आले आले" करत, पण ह्या वेळी त्यात टोमणा नव्हता.

घाटाच्या पायऱ्या हा वेगळा अध्याय. सपाटीपेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, हे माझ्या फिजिओने शिकवलेलं मी सगळ्यांना करून दाखवलं. दुखऱ्याच बाजूला काठी धरणारे चार निघाले. तिघं जण वरच बसले, खाली आलेच नाहीत, आणि कुणी त्यांना आग्रह केला नाही. नाना फडणवीसांच्या वाड्यात एक तास गेला, चौकांमागून चौक, आणि ते मेणवली दफ्तर, मोडीतले ते सगळे कागद, ते इथलेच, हे ऐकल्यावर इंजिनियर काका परत सगळ्यांना घेऊन बसले.

सगळंच जमलं असं नाही. एका ताईंनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की दर वेळी दहा मिनिटं बसून गुडघे आखडतात, परत उठताना जास्त दुखतं. खरंय, संधिवातवाल्यांना बसणंही सोसत नाही. पुढच्या वेळी पाचातले दोन थांबे उभ्याने, भिंतीला किंवा झाडाला टेकून, चार-पाच मिनिटांचे करणार आहोत. बँकेतल्या काकांना थांबे पुरले नाहीतच, त्यांना दहा मिनिटं बसण्यापेक्षा दर पाच मिनिटांनी अर्धं मिनिट वाकणं हवं असतं, ते सगळ्या रांगेला थांबवून होत नाही. त्यांनी स्वतःच उपाय काढला, शिट्टीवाल्या काकूंच्याही पुढे पन्नास पावलं जायचं, वाकायचं, रांग आली की परत निघायचं. आणि डायबेटिसवाले काका आलेच नाहीत. फोन केला होता, म्हणाले, बघू पुढच्या वेळी. त्यांच्या बायको आल्या होत्या, त्यांच्या पर्समध्ये ग्लुकोजचा पुडा होता, सबंध वाटभर त्या तो चाचपून बघत होत्या.

मी घंटा पाहिली. १७०७ वर बोट फिरवलं.

पुढची चाल नोव्हेंबरमध्ये, धोमच्या बाजूची, तीही बसने पुढे जाऊन उलट्या दिशेने ३ किलोमीटर, बघू. शिट्टी मी ग्रुपच्या सामानात ठेवायला म्हणून दोनदा मागितली. काकू म्हणाल्या, राहू दे माझ्याकडे, येताना आणते. परवा भाजी घ्यायला भेटल्या, शिट्टी गळ्यात होती, लाल दोरीत.